कॉर्नियल अल्सर: ओपीडीतल्या पहिल्या अर्ध्या तासापासून डिस्चार्ज कार्डापर्यंत

कॉर्नियल अल्सरचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर (कॉर्नियावर) जंतूंनी झालेल्या जखमेचा, पेशंट आपल्यापर्यंत पोहोचतो तेव्हा त्याच्या पिशवीत आधीच दोन-तीन बाटल्या असतात. एक गावातल्या मेडिकलवाल्याने दिलेली, एक शेजारणीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली, आणि एखादी तालुक्याच्या डॉक्टरांची. मग तो आपल्याकडे येतो आणि गर्दीच्या ओपीडीत आपणही चौथी बाटली लिहून मोकळे होतो. हा लेख ती चौथी बाटली लिहायला अर्धा तास उशीर करायला सांगण्यासाठी आहे. नेत्रविभागात नुकत्याच रुजू झालेल्या रेसिडेंटसाठी तो लिहिला आहे. वरिष्ठांना यातलं बरंच माहीत असेल.

मोतीबिंदूत दृष्टी परत मिळते, अल्सरमध्ये ती वाचवायची असते. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीच्या आतल्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण कॉर्नियावरचे डागच निघाले. लोक ज्याला 'डोळ्यात फूल पडलं' म्हणतात ते हेच. आणि हे फूल पडणारी माणसं प्रामुख्याने हाताने काम करणारी असतात.

हिस्टरी: काय लागलं, कधी लागलं, आणि काय टाकलं

'डोळ्याला काही लागलं होतं का?' या प्रश्नाला हमखास 'नाही' असं उत्तर येतं. पाचट ओझरतं लागलं, कुसळ गेलं, गाईने शेपटी मारली, हे पेशंटच्या लेखी 'लागणं' नसतंच. म्हणून कामाबद्दल विचारा: त्या आठवड्यात कुठल्या शेतात होता, मळणी चालू होती का, ऊस तोडत होता का, गवंडीकाम होतं का, वेल्डिंग केलं का. ऊसतोडीचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो आणि उसाच्या पानाची धार करवतीसारखी असते. सोयाबीनच्या मळणीत भुसा उडतो. झाडपाल्याची जखम म्हटली की फंगस (बुरशी) आधी डोक्यात यायला हवा. आपल्याकडे फ्युजेरियम आणि अ‍ॅस्परजिलस हे दोन तंतुमय फंगस सगळ्यांत जास्त सापडतात. पावसाळ्यात चिखलपाणी उडालं असेल तर मायक्रोस्पोरिडिया हे सूक्ष्म परजीवी आठवा. कॉन्टॅक्ट लेन्स लावून झोपणारी कॉलेजची मुलगी असेल तर स्युडोमोनास हा बॅक्टेरिया.

'काय टाकलं' हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा, आणि तो पेशंटला नाही तर सोबत आलेल्याला विचारायचा.

'काका, घरी काय टाकलं डोळ्यात?'
'काही नाही डॉक्टरसाहेब.'
'मावशी, तुम्ही सांगा.'
'एरंडेल टाकलं दोन दिवस. आन् ही बाटली, मेडिकलवाल्यानं दिली. हिनं लय बरं वाटलं होतं.'

'हिनं लय बरं वाटलं' हे ऐकलं की बाटली हातात घेऊन लेबल वाचा. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, किंवा अँटिबायोटिकच्या नावामागे जोडलेलं यातलं काहीही. स्टिरॉइडने लाली आणि दुखणं दोन दिवस कमी होतं आणि खाली फंगस आरामात पसरतो. आईचं दूध, मध, पाल्याचा रस, जिभेने कुसळ काढून घेणं, हे सगळं विचारा. पण चेहऱ्यावर आश्चर्य दाखवू नका, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. डायबेटिस, दारू, आधीचं डोळ्याचं ऑपरेशन, पूर्वी असंच लाल होऊन बरं झालेलं असणं (हर्पिस), चेहऱ्याचा अर्धांगवायू, दुसरा डोळा कसा आहे, हे पाच मिनिटांत होतं. एकच डोळा असलेला पेशंट असेल तर केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात ते मोठ्या अक्षरात लिहा.

तपासणी, ठरलेल्या क्रमाने

क्रम चुकला तर काही गोष्टी परत तपासता येत नाहीत. आधी दृष्टी, दोन्ही डोळ्यांची. मग कॉर्नियाची संवेदना, कापसाच्या पातळ टोकाने, सुन्न करणारे थेंब टाकायच्या आधी. थेंब टाकल्यानंतर 'संवेदना कमी' असं लिहिलेले केसपेपर प्रत्येक विभागात सापडतात. त्यानंतर अश्रुपिशवीवर बोट दाबून पू परत येतो का ते बघा. डोळ्यातून सतत पाणी येणारी आजी, दाबल्यावर पू, आणि कॉर्नियावर एका बाजूने सरकत जाणारा अल्सर, असं चित्र असेल तर न्यूमोकोकस हा बॅक्टेरिया समजून चला. ती पिशवी तशीच ठेवून अल्सर बरा करायला निघाल तर तुम्ही बादलीचं भोक न बुजवता पाणी भरत बसाल. डीसीटी (अश्रुपिशवी काढून टाकणं) किंवा डीसीआरचा (पिशवीतून नाकात नवी वाट करणं) निर्णय लवकर घ्यावा लागतो.

पापण्या पूर्ण मिटतात का, उलट्या वळलेल्या पापण्या कॉर्नियाला घासतात का, वरची पापणी उलटवल्यावर कुसळ अडकलंय का, हे बघून मग स्लिट लॅम्प, म्हणजे प्रकाशाच्या फटीत डोळा मोठा करून दाखवणारं यंत्र.

इथे एक सवय लावून घ्या: शब्दांत लिहू नका, चित्र काढा. कॉर्नियाचा गोल काळ्या पेनने, एपिथेलियम (सर्वांत वरचा थर) गेलेला भाग हिरव्याने, इन्फिल्ट्रेट (पेशी जमून पांढुरका झालेला भाग) आणि हायपोपिऑन (पुढच्या कप्प्यात तळाशी साचलेला पू) पिवळ्याने, सूज निळ्याने, रक्तवाहिन्या लालने. एपिथेलियल डिफेक्ट आणि इन्फिल्ट्रेट दोन्ही वेगवेगळे मोजा, एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी, मिलिमीटरमध्ये. खोली किती, पातळ झालंय का, हायपोपिऑन किती मिलिमीटर. 'मोठा अल्सर, हायपोपिऑन प्लस' या नोंदीवरून तिसऱ्या दिवशी कुणालाच काही ठरवता येत नाही. मोबाइलने स्लिट लॅम्पच्या आयपीसमधून फोटो काढता येतो, तोही काढा, पण चित्राऐवजी नाही. फोटोत खोली दिसत नाही.

डोळ्यातला दाब बोटाने बघा. अशा डोळ्यावर अ‍ॅप्लनेशन टोनोमीटर (कॉर्नियाला टेकवून दाब मोजायचं यंत्र) लावू नका. आतलं काही दिसत नसेल तर बी-स्कॅन (डोळ्याची सोनोग्राफी) करा, पण प्रोब मिटलेल्या पापणीवर हलक्या हाताने ठेवा. फुटायच्या बेतात असलेल्या डोळ्यावर तोही नको.

दिसण्यावरून अंदाज बांधता येतो, निदान नाही. फंगसचा अल्सर कोरडा, थोडा वर आलेला, कडा पिसासारख्या, शेजारी छोटे उपग्रह (सुटे ठिपके), एंडोथेलियमवर (कॉर्नियाच्या सर्वांत आतल्या थरावर) चिकटलेला थर, हायपोपिऑन घट्ट. डोळा जितका वाईट दिसतो तितकं पेशंटला दुखत नाही, निदान सुरुवातीला. तपकिरी-काळसर रंगद्रव्य दिसलं तर रंगीत फंगस, म्हणजे कर्व्ह्युलेरियासारखा. बॅक्टेरियाचा अल्सर ओला, कडा स्पष्ट, पू भरपूर, हायपोपिऑन डोकं हलवलं की हलतो. स्युडोमोनास हिरवट चिकट स्राव घेऊन येतो आणि दोन-तीन दिवसांत कॉर्निया विरघळवतो. तिथे 'सोमवारी बघू' चालत नाही. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके कड्यासारखे मांडलेले दिसले तर नोकार्डिया हा बॅक्टेरिया. दुखणं दिसण्याच्या मानाने फारच जास्त, वर्तुळाकार इन्फिल्ट्रेट, आणि महिनाभर 'हर्पिस' म्हणून उपचार झालेले, तर अकॅन्थामिबा हा एकपेशीय परजीवी. पाश्चात्त्य पुस्तकांत तो कॉन्टॅक्ट लेन्सचा आजार आहे. आपल्याकडे तो प्रामुख्याने विहिरीच्या-ओढ्याच्या पाण्याने आणि मातीने होतो. फांद्यांसारखी बारीक रेघ, टोकांना गाठी, संवेदना कमी: हर्पिसचा डेंड्राइट. तो दिसला तर अ‍ॅसायक्लोव्हिरचं ३ टक्के मलम दिवसातून पाच वेळा. त्याला स्टिरॉइड पडलं की डेंड्राइटचा नकाशा होतो.

हे सगळं पाठ असूनही अनुभवी कॉर्निया सर्जन नुसत्या डोळ्याने पाहून फंगस की बॅक्टेरिया हे सांगताना वारंवार चुकतात. म्हणून स्क्रेपिंग, म्हणजे अल्सर खरवडून नमुना घेणं.

स्क्रेपिंग: कुणाचं करायचं आणि कसं

दोन-तीन मिलिमीटरपेक्षा मोठा, मध्यभागी असलेला, स्ट्रोमात (कॉर्नियाच्या मधल्या जाड थरात) शिरलेला, आधीच्या औषधाला दाद न दिलेला किंवा झाडपाल्याच्या जखमेनंतरचा, अशा प्रत्येक अल्सरचं स्क्रेपिंग करा. कॉर्निया खूप पातळ झाला असेल, डेसिमेटोसील (फक्त आतला पातळ पडदा उरून पुढे फुगलेला) असेल किंवा छिद्र पडलं असेल तर हात लावू नका, वरिष्ठांना बोलवा. लहान मूल असेल तर भूल देऊन.

सामान आधी मांडून ठेवा. प्रोपॅराकेन ०.५ टक्के, स्पेक्युलम, किमुरा स्पॅच्युला किंवा १५ नंबरचं ब्लेड, दोन-तीन स्वच्छ काचपट्ट्या, स्पिरिटचा दिवा, आणि जंतू वाढवायची माध्यमं: ब्लड अगार, चॉकलेट अगार, साबुरो अगार, थायोग्लायकोलेटची नळी. अकॅन्थामिबाचा संशय असेल तर ई-कोलाय पसरलेला नॉन-न्यूट्रियंट अगार. प्लेट फ्रिजमधून काढून तासभर बाहेर ठेवलेल्या असाव्यात. काचपट्टीच्या मागच्या बाजूला मार्करने छोटं वर्तुळ काढा आणि त्याच्या आत नमुना लावा. मायक्रोबायोलॉजीतल्या माणसाला पूर्ण पट्टीवर तुमचा कणभर नमुना शोधायला लावणं हा अन्याय आहे, आणि रिपोर्ट 'काही दिसलं नाही' असा येण्याचं ते एक मोठं कारण आहे.

भूल म्हणून लिग्नोकेन टाळून प्रोपॅराकेन वापरा. जंतूंची वाढ ते सगळ्यांत कमी रोखतं. आधी वरचा सैल पू आणि म्युकस काढून टाकून द्या, त्यात पृष्ठभागावरचे भलतेच जंतू असतात. मग अल्सरची कड आणि तळ दोन्ही खरवडा. न्यूमोकोकस पुढे सरकणाऱ्या कडेत सापडतो, मोराक्झेला तळात. फंगससाठी थोडं खोल आणि नेटाने जावं लागतं. कोरडा, कोळशासारखा कुरकुरणारा भाग ब्लेडखाली जाणवतो. खरवडण्याने नमुना मिळतोच, शिवाय मेलेला थर निघून औषध आत जायला वाट होते. म्हणजे स्क्रेपिंग हा उपचाराचाच भाग आहे.

आधी दोन काचपट्ट्या: एक ग्रॅमच्या रंगासाठी, एक केओएचसाठी (पोटॅशियम हायड्रॉक्साइड). जमल्यास तिसरी जिम्साच्या रंगासाठी. मग प्लेटवर इंग्रजी 'सी'च्या आकाराच्या रेघा. प्रत्येक प्लेटला नव्याने खरवडलेला नमुना आणि दर वेळी निर्जंतुक केलेलं स्पॅच्युला. 'सी'वर उगवलं तर ते डोळ्यातलं, 'सी'बाहेर उगवलं तर हवेतलं. साबुरो अगारमध्ये सायक्लोहेक्सिमाइड नाही ना ते लॅबला विचारा. त्वचेच्या फंगससाठी ते घालतात, पण डोळ्यातल्या बऱ्याच फंगसची वाढ त्याने थांबते. ती प्लेट खोलीच्या तापमानाला, साधारण २५ ते २७ अंशांवर, दोन आठवडे ठेवायची.

केओएच स्वतः बघायला शिका. १० टक्के केओएचचा एक थेंब, वर कव्हरस्लिप, पाच-दहा मिनिटं थांबा, कंडेन्सर खाली घ्या, प्रकाश कमी करा. आधी दहाच्या लेन्सखाली पूर्ण वर्तुळ फिरून घ्या, मग चाळीसखाली. फंगसचे तंतू दुहेरी कडेचे, सारख्या जाडीचे, मध्ये आडवे पडदे असलेले, फांद्या फुटलेले दिसतात. कापसाचा धागा जाड-बारीक होतो आणि त्याला पडदे नसतात. एपिथेलियमच्या पेशींच्या कडांची जाळी नवख्याला हमखास फसवते. फोकस वर-खाली केलं की ती तुटते, तंतू तुटत नाही. रात्री दोन वाजता लॅब बंद असते, पण मायक्रोस्कोप आणि केओएचची बाटली साइडरूममध्ये असते. फंगस आहे की नाही हे सकाळपर्यंत थांबवायची काहीच गरज नाही.

तंतू दिसले, पण ते रुंद, रिबिनीसारखे, पडदे जवळपास नसलेले, आणि अल्सर कडेने शाखा-उपशाखा पसरलेला, नटामायसिन चालू असूनही रोज वाढणारा, तर पिथियमचा विचार करा. तो फंगससारखा दिसतो, पण फंगस नाही. फंगसची औषधं ज्यावर मारा करतात ते अर्गोस्टेरॉल त्याच्या आवरणात नसल्यासारखंच, त्यामुळे फंगसची औषधं त्याला लागत नाहीत. लिनेझोलिड ०.२ टक्के आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन १ टक्का थेंब, सोबत तोंडाने अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात. तरीही पुष्कळ डोळ्यांना शेवटी कॉर्निया बदलावाच लागतो.

कल्चरवर उगवलेलं प्रत्येक जंतू दोषी नसतं. दोन माध्यमांवर तेच उगवलं, किंवा एका माध्यमावर उगवलं आणि स्मिअरमध्येही (काचपट्टीवरच्या नमुन्यातही) तेच दिसलं, किंवा 'सी'वर दाट वाढ झाली, तर ते खरं धरतात.

पहिलं प्रिस्क्रिप्शन

स्मिअर हातात असेल तर प्रिस्क्रिप्शन सोपं होतं. ग्रॅम पॉझिटिव्ह कोकाय (गोल बॅक्टेरिया): सेफॅझोलिन ५ टक्के. ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय (दांडीसारखे बॅक्टेरिया): टोब्रामायसिन १.३ टक्के किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन. गंभीर असेल तर सेफ्टाझिडिम ५ टक्के. स्मिअरमध्ये काहीच नाही आणि अल्सर मोठा: सेफॅझोलिन आणि टोब्रामायसिन दोन्ही. कडेचा, लहान, पातळ न झालेला: एकटं फ्लुरोक्विनोलोन (सिप्रोफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिनचा गट) पुरतं. मॉक्सिफ्लॉक्सासिन चांगलं आहे, पण स्युडोमोनाससाठी त्याच्या भरवशावर राहू नका. नोकार्डिया: अमिकासिन २.५ टक्के. फंगस: नटामायसिन ५ टक्के. अकॅन्थामिबा: पीएचएमबी ०.०२ टक्के किंवा क्लोरहेक्सिडिन ०.०२ टक्के, महिनोन्‌महिने.

पेशंटला जास्त ताकदीचे थेंब लागतात आणि ते तयार बाटलीत मिळत नाहीत. त्यामुळे हे गणित तोंडपाठ हवं:

सेफॅझोलिन ५ टक्के: ५०० मिलिग्रॅमच्या व्हायलमध्ये अडीच मिली निर्जंतुक पाणी घालून विरघळवा. १० मिलीच्या कृत्रिम अश्रूंच्या बाटलीतून अडीच मिली काढून टाका आणि हे त्यात घाला. व्हॅन्कोमायसिन ५ टक्के असंच होतं, फक्त ते चांगलंच झोंबतं, पेशंटला आधी सांगा.

टोब्रामायसिन १.३ टक्के: ०.३ टक्क्याच्या ५ मिलीच्या बाटलीत ४० मिलिग्रॅम प्रति मिली ताकदीचं इंजेक्शन २ मिली घाला. बाटलीत आधी १५ मिलिग्रॅम होतं, ८० वाढलं, एकूण ७ मिलीत ९५.

अमिकासिन २.५ टक्के: २५० मिलिग्रॅमची २ मिलीची व्हायल आणि ८ मिली निर्जंतुक पाणी.

अ‍ॅम्फोटेरिसिन बी ०.१५ टक्के: साध्या डीऑक्सिकोलेट प्रकारातली ५० मिलिग्रॅमची व्हायल १० मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, त्यातलं ३ मिली घ्या, ७ मिली पाणी घाला. सलाइन अजिबात नको, साका खाली बसतो. बाटली काळ्या कागदात गुंडाळा.

व्होरिकोनॅझोल १ टक्का: २०० मिलिग्रॅमच्या व्हायलमध्ये १९ मिली पाणी, एकूण २० मिली होतं.

हे लॅमिनार फ्लोखाली करता आलं तर उत्तम, नाहीतर निदान ओटीत, हातमोजे घालून. लेबलवर औषध, ताकद, तयार केल्याची तारीख. फ्रिजमध्ये ठेवायचं, जमेल तितकं ताजं करायचं, रंग बदलला की फेकायचं. आणि पेशंटच्या खोलीवर फ्रिज आहे का, हे विचारून मगच घरी पाठवा.

सुरुवातीला पाच-पाच मिनिटांनी अर्धा तास, मग दर तासाला, पहिले ४८ तास रात्रीसुद्धा. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं अंतर, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन नेतं. सोबत अ‍ॅट्रोपिन १ टक्का किंवा होमॅट्रोपिन २ टक्के. बाहुली मोठी होते, आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) चिकटत नाही आणि दुखणं निम्मं होतं. दाब वाढला असेल तर टिमोलोल ०.५ टक्के दिवसातून दोनदा, लागलं तर अ‍ॅसिटाझोलामाइड. पिलोकार्पिन आणि प्रोस्टाग्लँडिनचे थेंब टाळा. कॉर्निया विरघळायला लागला असेल तर तोंडाने डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दोनदा, गर्भवती आणि लहान मुलं सोडून. डोळ्यावर घट्ट पट्टी कधीच नाही. प्लास्टिकची शील्ड किंवा काळा चष्मा.

भरती कुणाला करायचं? एकच डोळा, हायपोपिऑन, पातळ झालेला कॉर्निया, लहान मूल, आणि घरी दर तासाला थेंब टाकणारं कुणी नसणं. शेवटचं कारण वरिष्ठांना पटवायला लागलं तरी पटवा. ऊसतोड कामगार कोपीवर राहतो, नवरा-बायको मिळून एक कोयता असतो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते. तो 'औषध द्या, मी टाकतो' म्हणतो आणि मनापासून म्हणतो, पण पहाटे तो फडात असतो. त्याला भरती करताना पाठ थोपटून नाही, तर सरळ सांगा: दोन दिवस मजुरी बुडेल, नाहीतर डोळा.

नटामायसिन लिहिताना दोन गोष्टी सांगा. बाटली नीट हलवायची, कारण औषध तळाशी बसतं. आणि पांढरा साका अल्सरवर बसलेला दिसेल, तो धुवायचा नाही. नटामायसिन आत फार शिरत नाही, म्हणून वरचं एपिथेलियम अधूनमधून खरवडून काढावं लागतं. तरीही तंतुमय फंगससाठी पहिलं औषध तेच. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मट-१ चाचणीत, जी दक्षिण भारतातच झाली, नटामायसिन थेंबांनी व्होरिकोनॅझोल थेंबांपेक्षा चांगली दृष्टी दिली, विशेषतः फ्युजेरियममध्ये. नंतरच्या मट-२ मध्ये तोंडाने व्होरिकोनॅझोल जोडून एकंदरीत छिद्र पडणं किंवा कॉर्निया बदलावा लागणं टळलं नाही. महागडी गोळी दिल्याने आपल्याला काही केल्यासारखं वाटतं, एवढाच तिचा फायदा पुष्कळ पेशंटमध्ये असतो. खोल गेलेल्या अल्सरला व्होरिकोनॅझोल ५० मायक्रोग्रॅम प्रति ०.१ मिली थेट स्ट्रोमात टोचतात, पण ते वरिष्ठांच्या हाताचं काम.

स्टिरॉइडचं काय

बॅक्टेरियाच्या अल्सरमध्ये व्रण कमी पडावा म्हणून स्टिरॉइड द्यावं का, हा जुना वाद. ५०० पेशंटच्या स्कट चाचणीत ४८ तास मॉक्सिफ्लॉक्सासिन दिल्यानंतर स्टिरॉइड जोडलं, आणि तीन महिन्यांनी दृष्टीत एकंदर फरक दिसला नाही. नोकार्डियाच्या पेशंटमध्ये व्रण मोठा झाला. रेसिडेंटने यातून घ्यायचं ते एवढंच: जंतू नक्की कळल्याशिवाय आणि त्याला औषध लागू पडतंय हे दिसल्याशिवाय स्टिरॉइडला हात लावायचा नाही. फंगसमध्ये तर नाहीच.

रोजचा राउंड: सुधारतंय की बिघडतंय

पहिल्या ४८ तासांत बॅक्टेरियाचा अल्सर वाढला नाही तर ती सुधारणाच समजा. दुखणं कमी, पापण्यांची सूज कमी, इन्फिल्ट्रेटची कड बोथट, मध्य कमी दाट, हायपोपिऑन उतरलेला, एपिथेलियम कडेने आत येतंय. यातलं काय झालं ते कालच्या चित्राशेजारी आजचं चित्र ठेवलं की कळतं. सुधारत असेल तर दोन तासांवर, मग चार तासांवर.

फंगसचा वेग वेगळा. आठवडाभर काहीच हलत नाही असं वाटतं. पिसासारख्या कडा गोल होणं, उपग्रह पुसट होणं ही चांगली लक्षणं. या काळात दर दोन दिवसांनी औषध बदलणारं युनिट मी पाहिलं आहे, आणि शेवटी कोणत्या औषधाने काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही. बिघडत नसेल तर धीर धरा. एपिथेलियम बंद झाल्यावरही दोन-तीन आठवडे नटामायसिन चालू ठेवा.

एक सापळा: इन्फिल्ट्रेट जवळपास गेलेलं, तळ स्वच्छ, पण एपिथेलियम भरत नाही आणि पेशंट जास्त चिडचिडा झालाय. पुष्कळदा हा औषधाचाच मार असतो. इथे थेंब कमी करायचे, वाढवायचे नाहीत. कृत्रिम अश्रू आणि रात्री मलम.

खरंच बिघडत असेल तर आधी नर्सला आणि नातेवाइकाला विचारा की थेंब खरंच पडताहेत का. उत्तर समाधानकारक असेल तर वरिष्ठांशी बोलून साधारण २४ तास औषध थांबवा, पुन्हा स्क्रेपिंग करा. खोल असेल तर कॉर्नियाची बायोप्सी. साखर पुन्हा बघा.

फुटलं तर

पेशंट म्हणतो, 'काल रात्री डोळ्यातून एकदम गरम पाणी आलं, तेव्हापासून दुखायचं थांबलं.' त्याला बरं वाटत असतं, तुम्ही धावा. पुढचा कप्पा उथळ, आयरिस छिद्रात अडकलेली, फ्लुरेसीनचा रंग लावल्यावर हिरव्यात पाण्याची धार. त्याआधीची पायरी डेसिमेटोसील: तळ काळपट, पुढे फुगलेला, आणि बाजू रंग घेतात पण तळ घेत नाही.

दोन-तीन मिलिमीटरपर्यंतच्या छिद्राला सायनोअ‍ॅक्रिलेटचा गोंद आणि वर बँडेज लेन्स. तळ कोरडा हवा आणि गोंद अगदी थोडा. जास्त झाला की तो दगडासारखा टोचतो आणि लेन्स टिकत नाही. तोपर्यंत शील्ड, खोकला आणि बद्धकोष्ठाचं औषध, डोळा दाबायचा नाही, वाकायचं नाही.

मोठं छिद्र किंवा औषधाला न जुमानणारा, लिंबसकडे (कॉर्नियाच्या बाहेरच्या कडेकडे) सरकणारा अल्सर असेल तर थेरप्युटिक केराटोप्लास्टी, म्हणजे संसर्ग काढून टाकण्यासाठी कॉर्नियाचं प्रत्यारोपण. लिंबसपर्यंत पोहोचण्याआधी ती व्हायला हवी. स्क्लेरात (डोळ्याच्या पांढऱ्या भागात) गेलेला फंगस परत काढणं फार कठीण. आजूबाजूची साधारण एक मिलिमीटर निरोगी पट्टी धरून कापतात. काढलेल्या चकतीचे दोन भाग करायचे: अर्धा निर्जंतुक डबीत मायक्रोबायोलॉजीला, अर्धा फॉर्मालिनमध्ये पॅथॉलॉजीला. पूर्ण चकती फॉर्मालिनमध्ये टाकली की कल्चर संपलं. ओटीतल्या सिस्टरना हे ऑपरेशनच्या आधी सांगा. फंगससाठी केलेल्या प्रत्यारोपणानंतर पहिले साधारण दोन आठवडे स्टिरॉइड थांबवून फंगसचे थेंबच चालू ठेवतात.

डिस्चार्ज

कार्डावर जंतूचं नाव लिहा. 'कॉर्नियल अल्सर, उपचार केले' असं कार्ड घेऊन तो सहा महिन्यांनी दुसऱ्या गावी जाईल तेव्हा तिथल्या डॉक्टरला काहीच कळणार नाही. शेवटचं चित्र कार्डावर काढा. थेंबांची नावं लिहून त्यापुढे किती दिवस ते आकड्यात लिहा, आणि जुन्या बाटल्या वॉर्डातच ठेवून घ्या. दृष्टीसाठीचा प्रत्यारोपणाचा विचार डोळा शांत होऊन काही महिने गेल्यावर करायचा असतो; त्याआधी चष्मा किंवा लेन्सने किती दिसतं ते बघतात. व्रण मध्यात असेल तर पेशंटला आत्ताच सांगा की दिसणं लगेच परत येणार नाही, म्हणजे तो 'औषध लागलं नाही' म्हणून मध्येच थेंब सोडणार नाही.

तो शेतावर परत जाणार आहे. साधा पारदर्शक गॉगल तोडणीत घामाने धुकटतो म्हणून लोक काढून ठेवतात, तेव्हा बाजूने हवा जाणारा घ्यायला सांगा. आणि परत काही लागलं तर मेडिकलमध्ये नाही, त्याच दिवशी दवाखान्यात. नेपाळमधल्या भक्तपूरच्या अभ्यासात नुसत्या ओरखड्यावर पहिल्या १८ तासांत क्लोरॅम्फेनिकॉलचं १ टक्का मलम सुरू झालेल्या कुणालाही अल्सर झाला नव्हता. नातेवाइकालाही कार्ड वाचून दाखवा, कारण थेंब बहुधा तेच टाकणार आहेत, आणि पुढची तारीख बाजाराच्या दिवशी ठेवा. त्या दिवशी गाडी मिळते.